बँकांनी नव्वद टक्क्यांवर पाणी सोडलं, तर हा कायदा कोणासाठी?

प्रश्न भोसरीच्या एका लघुउद्योजकाचा आहे. एका कंपनीला ते प्रेस पार्ट पुरवायचे. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, गेली तेव्हा त्यांची 41 लाखांची बिलं थकली होती. दोन वर्षांनी नव्या मालकाचा देणी भागवण्याचा आराखडा मंजूर झाला आणि खात्यात जमा झाले एकोणीस हजार रुपये. बँकांनीही नव्वद टक्क्यांवर पाणी सोडलं, मालक मात्र त्याच गाडीतून फिरतोय. मग 2016 च्या दिवाळखोरी कायद्यानं नक्की सुधारलं काय, असं ते विचारतात.

मी आधी सरकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो आणि आता आरपी, म्हणजे रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणून अशाच कंपन्यांचा ताबा घेतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमचे 41 लाख एनसीएलटीत बुडाले नाहीत. कंपनी तिथे पोचायच्या कितीतरी आधी ते गेले होते. एनसीएलटीत फक्त मोजदाद झाली. आणि मोजदादीच्या वेळी तुम्हाला टेबलाशी खुर्ची नव्हती, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे.

एक प्रसंग सांगतो. 2019 च्या पावसाळ्यात एका एमआयडीसीतल्या कारखान्याचा ताबा घ्यायला गेलो. गेटवर एकच वॉचमन, त्याचा सात महिन्यांचा पगार थकलेला. आदेशाची प्रत त्याला दाखवली तर त्यानं पहिलं हेच विचारलं, "साहेब, पगार तुम्ही देणार का?" आत शेडच्या भिंतीवर बँकेची पाटी होती: या आवारातील यंत्रसामग्री व माल आमच्याकडे नजरगहाण आहे. शेवटच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार माल सहा कोटींचा दाखवला होता आणि गोडाऊनमध्ये खोकी खरोखरच छतापर्यंत रचलेली होती. पुढच्या दोन ओळींत माल निघाला. मागची सगळी खोकी रिकामी, ढासळू नयेत म्हणून तळाला विटा घातलेल्या.

महावितरणनं वीज तोडून वर्ष उलटलं होतं. ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं गेलेलं, सीएनसी मशीनची कंट्रोल कार्डं कोणीतरी काढून नेलेली. मूल्यांकन करायला आलेला माणूस मशीनवर हात ठेवून म्हणाला, "चालू करून दाखवता?" वीजच नाही तर दाखवणार काय? त्यानं वहीत भंगाराचा दर लिहिला. चार वर्षांपूर्वी बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांककानं त्याच मशीनला साडेतीन कोटी लावले होते.

दावे आले 118 कोटींचे. त्यात मुद्दल होतं 62 कोटी, बाकीचं व्याज, दंडव्याज आणि खर्च. शेवटी 13 कोटी आले आणि "89 टक्के हेअरकट", म्हणजे एवढ्या रकमेवर पाणी, अशी बातमी झाली. ही टक्केवारी खोटी नव्हती, पण ती चढलेल्या व्याजासकट मोजलेली होती. आणि जे 13 कोटी आले ते बहुतांशी जमिनीचे होते. चालत्या कारखान्याची किंमत चार वर्षांपूर्वीच संपली होती.

आता त्या चार वर्षांत काय झालं ते. हप्ता किंवा व्याज 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं, हा नियम जुनाच आहे. ते होऊ नये म्हणून काय करायचं हेही बँकेत सगळ्यांना ठाऊक होतं. मार्च जवळ आला की तात्पुरती वाढीव मर्यादा मंजूर करायची, त्यातून जुनं व्याज भरून घ्यायचं. खातं कागदावर ठणठणीत. अशा नोटांवर मीही सह्या केल्यात, उगाच साळसूदपणा करत नाही. एकरकमी तडजोड करून साठ टक्के आणले तर "चाळीस का सोडले?" म्हणून चौकशी लागायची. काहीच केलं नाही तर कोणी विचारत नसे, आणि तीन वर्षांत बदली ठरलेली. मग शहाणा मॅनेजर काय करेल?

कायदेही त्याला साथ देणारेच होते. 1985 च्या आजारी उद्योग कायद्याखाली कंपनी बीआयएफआरकडे, म्हणजे आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाकडे, गेली की कलम 22 नं सगळ्या वसुल्या थांबायच्या, आणि कारखाना मालकाच्याच ताब्यात राहायचा. गिरणगावात ज्यांचं कोणी होतं त्यांना बीआयएफआर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आजारी म्हणून नोंद व्हायलाही आधी कंपनीचं सगळं नक्त मूल्य संपावं लागे. पेशंट गेल्यावर केसपेपर काढण्यातला प्रकार. 1993 मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणं आली, 2002 मध्ये कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा आला. सरफेसीचा छोट्या कर्जदारांवर वचक बसला, मोठ्यांचे वकील स्थगिती आणत राहिले. शिवाय 2001 पासून कॉर्पोरेट कर्ज पुनर्रचना होतीच. पुनर्रचनेच्या नावाखाली किती मेलेली खाती जिवंत दाखवली गेली ते 2015 मध्ये उघड झालं, रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेनं मालमत्तेच्या दर्जाची तपासणी लावली तेव्हा. मार्च 2015 मध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास असलेलं ढोबळ एनपीएचं प्रमाण मार्च 2018 पर्यंत अकरा टक्क्यांच्या वर गेलं. तीन वर्षांत देशातले उद्योग अचानक आजारी पडले नव्हते. लपवलेला ताप थर्मामीटरवर दिसला इतकंच.

2016 च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेनं, आपण आयबीसीच म्हणू, खरा बदल एकाच ठिकाणी केला: मालकाची खुर्ची. विश्वनाथन समितीच्या अहवालावर हा कायदा बेतला होता, आणि त्याचा गाभा असा की कर्ज थकलं की संचालक मंडळ बाजूला होतं, आरपी आत येतो आणि निर्णय धनकोंची, म्हणजे कर्ज देणाऱ्यांची, समिती घेते. 1 डिसेंबर 2016 पासून कंपन्यांसाठीची तरतूद लागू झाली. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बारा बडी खाती एनसीएलटीत न्यायला लावली. एकूण ढोबळ एनपीएचा जवळजवळ चौथा हिस्सा या बारांकडे होता. त्याच नोव्हेंबरात कलम 29ए आलं: थकबाकीदार मालकाला स्वतःचीच कंपनी स्वस्तात परत घेता येणार नाही. हे कलम नसतं तर सगळा खेळ कर्जमाफीचा झाला असता.

त्या कलमाचा धाक एनसीएलटीच्या बाहेरच जास्त दिसतो. डिसेंबर 2024 पर्यंत तीस हजारांहून जास्त अर्ज दाखल करून घेण्याआधीच निकाली निघाले आणि त्यांमागची थकबाकी 13 लाख कोटींच्या वर होती, असं सरकारी आकडे सांगतात. ती सगळी रक्कम रोख वसूल झाली असं कोणी समजू नये. पण पूर्वी फोन न उचलणारा मालक नोटीस गेल्यावर स्वतः शाखेत येऊन बसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बीआयएफआरच्या काळात तो आम्हाला बसवून ठेवायचा.

यशाचं उदाहरण द्यायचं तर सगळे एस्सार स्टीलचं देतात. वित्तीय धनकोंचे (बँका वगैरेंचे) दावे 49 हजार कोटींच्या वर, आर्सेलरमित्तलनं दिले 42 हजार कोटी. कारण उघड आहे. हजीराचा कारखाना धडधडत होता आणि दोन-तीन तगडे गिऱ्हाईक एकमेकांवर चढाओढ करत होते. आता दुसरं टोक बघा, आपल्या मराठवाड्यातलं. व्हिडिओकॉनच्या तेरा कंपन्यांवर मान्य दावे 64,838 कोटींचे. वेदांता समूहातल्या ट्विन स्टारची बोली 2,962 कोटींची. जून 2021 मध्ये मुंबईच्या एनसीएलटीनं ती मंजूर केली, पण आदेशातच लिहिलं की बोली लावणारा जवळजवळ काहीच देत नाहीये. बोली आणि अवसायन मूल्य, म्हणजे कंपनी मोडीत काढून विकली तर येणारी किंमत, यांत जेमतेम चारशे कोटींचा फरक होता. पुरवठादारांच्या वाट्याला तर शंभर रुपयांमागे पाऊण रुपयाही येत नव्हता. मग बँकांनाच पश्चात्ताप झाला आणि जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणानं मंजुरी रद्द केली.

यावर पुष्कळ जण संतापले, ते स्वाभाविक आहे. पण चितेगावच्या प्लांटची आणि त्या ब्रँडची 2021 मधली किंमत काय होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. टीव्ही-फ्रिजचा बाजार कोरियन कंपन्यांनी केव्हाच खाल्ला होता. 64 हजार कोटी हा आकडा बँकांनी दिलेल्या आणि व्याजानं फुगलेल्या पैशाचा आहे, कारखान्याच्या किमतीचा नाही. राग यायलाच हवा, पण तो कर्ज देतानाच्या आणि नंतर झाकून ठेवतानाच्या वर्षांवर यावा.

मग कायद्यात सगळं आलबेल आहे का? नाही. दोन ठिकाणी तो माझ्या मते चुकतोय.

पहिलं, वेळ. कायद्यात मुदत होती 180 दिवस, वर 90 दिवस वाढ. 2019 मध्ये कोर्टकचेरीसकट 330 केली. प्रत्यक्षात मंजूर आराखड्यांना सरासरी त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. आणि हे घड्याळ अर्ज दाखल करून घेतल्यापासून चालू होतं. अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही ते चौदा दिवसांत ठरवावं असं कायदा म्हणतो. कफ परेडच्या एमटीएनएल इमारतीत, म्हणजे मुंबईच्या एनसीएलटीत, ज्यांनी तारखांसाठी जिने चढलेत ते यावर हसतील. वर्ष सहज जातं. सदस्यांच्या जागा रिकाम्या, आज बेंच बसतं तर उद्या नाही.

नागपूरजवळ बुटीबोरीला विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरचा 600 मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे. बँकेनं 2020 मध्ये अर्ज केला. कंपनीचं म्हणणं, वीजदराच्या वादात आमचे 1,730 कोटी यायचेत, तोवर थांबा. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, थकबाकी असली तरी अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही हे एनसीएलटी परिस्थिती बघून ठरवू शकते. त्या निकालाचा सदर्‍यासारखा वापर झाला, ज्याला त्याला आपल्या मापाचा वाटायचा. प्रत्येक थकबाकीदार "आमचेही पैसे यायचेत" म्हणू लागला. शेवटी हीच कंपनी 2024 मध्ये एनसीएलटीत गेलीच आणि 2025 मध्ये अदानी पॉवरनं ती 4,000 कोटींना घेतली. मधल्या वर्षांत कोणाचं भलं झालं? ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ही मोकळीक काढून घ्यायची तरतूद होती: थकबाकी सिद्ध झाली की अर्ज दाखल करून घ्यायचाच. मला विचाराल तर त्या विधेयकातलं सगळ्यात कामाचं कलम हेच. समूह कंपन्या, परदेशी मालमत्ता वगैरे बाकीचं नंतर बघता येईल.

आराखडा मंजूर झाल्यावरही धाकधूक संपत नाही. भूषण पॉवर अँड स्टील जेएसडब्ल्यूनं 2021 मध्ये ताब्यात घेतली, पैसे भरले, कारखाना वाढवला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आराखडाच रद्द करून अवसायनाचा आदेश दिला. जुलैत तो निकाल मागे घेतला आणि सप्टेंबरात आराखडा कायम केला. शेवट गोड झाला. पण पुढची बोली लावणारा या अनिश्चिततेची किंमत आपल्या आकड्यातून कापून घेणार आणि ती भरणार धनको.

दुसरी चूक तुमच्याशी संबंधित आहे. धनकोंच्या समितीत मतं वित्तीय धनकोंना, म्हणजे बँकांना. पुरवठादार हा "ऑपरेशनल" धनको. त्याला मत नाही. त्याला निदान कंपनी अवसायनात गेली असती तर जे मिळालं असतं तेवढं द्यावं लागतं. आता अवसायनात रांग कशी लागते बघा: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची 24 महिन्यांची देणी एका रांगेत, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी वित्तीय धनको, मग सरकारी देणी, आणि त्याही मागे तुम्ही. तिथवर पैसा पोचत नाही. म्हणजे कायद्यानं हमी दिलेली किमान रक्कम बहुतेक वेळा शून्य असते. तुमचे एकोणीस हजार ही समितीची मेहेरबानी होती.

एस्सारच्या वेळी अपील न्यायाधिकरणानं बँका आणि पुरवठादार दोघांना सारखंच, साठ टक्क्यांच्या आसपास, द्यायला सांगितलं होतं. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उलटवलं: वाटप हा समितीच्या व्यावसायिक शहाणपणाचा भाग. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर आहे. तारण घेणारा आणि न घेणारा सारखे धरले तर उद्या कोणी कर्जच देणार नाही. तरीही मला एक गोष्ट खटकते. बँकेनं तारण घेतलं, स्टॉक ऑडिट केलं, दर महिन्याला आकडे बघितले, आणि तरी झाकलं. तुम्हाला यातलं काहीच दिसत नव्हतं, आणि झाकल्या काळात माल टाकत राहिलात तुम्ही. त्या कारखान्यातल्या पुढच्या दोन ओळींतला माल कोणाच्या उधारीवर उभा होता? छोट्या पुरवठादारांच्या शेवटच्या नव्वद दिवसांच्या बिलांना रांगेत वर घ्यायला हवं, असं माझं मत आहे. बँकेतल्या माझ्या जुन्या मित्रांना ते अजिबात पटत नाही.

आज ढोबळ एनपीए अडीच टक्क्यांच्या खाली आलाय, त्याचं श्रेयही जरा जपून द्यावं. त्यातला मोठा भाग बँकांनी आपल्या नफ्यातून तरतूद करून निर्लेखित केला, म्हणजे ताळेबंदातून काढला. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते. पण ते पैसे आले असंही नव्हे. आयबीसीत आजवर मान्य दाव्यांच्या साधारण एक-तृतीयांश वसुली झाली. अवसायनात गेलेल्या कंपन्या आराखडा मंजूर झालेल्यांच्या दुपटीहून जास्त आहेत, पण त्यांतल्या चारांपैकी तीन आधीच बीआयएफआरमध्ये पडून होत्या किंवा बंद होत्या. तिथे कायदा शववाहिकेचं काम करतो, दवाखान्याचं नाही.

जाता जाता, कारण हा प्रश्न मला नेहमी येतो: सहकारी साखर कारखाना आयबीसीत येत नाही. ती सहकारी संस्था, कंपनी नव्हे. तिथे सहकार कायद्यातला अवसायक येतो. सहकारी बँकांना सरफेसी मात्र वापरता येतो, हे मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात मे 2020 मध्ये पक्कं झालं.

मालकाच्या गाडीबद्दल. त्यानं बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल तर 1 डिसेंबर 2019 पासून त्याच्यावरही एनसीएलटीत कारवाई होऊ शकते, आणि कंपनीचा आराखडा मंजूर झाला म्हणून हमी सुटत नाही. पण ती हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. कंपनीतून आधीच्या दोन वर्षांत नातेवाइकांकडे पैसे वळवले असतील तर आरपी ते व्यवहार रद्द करायला अर्ज करू शकतो. ते अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात. गाडी बहुधा पत्नीच्या नावावर असेल.

आता तुम्ही काय करायचं. या खात्यातून आणखी काही निघणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या घनश्याम मिश्रा निकालानंतर मंजूर आराखड्यात नसलेला जुना दावा मिटलेला असतो, त्यामुळे नव्या मालकाला नोटिसा पाठवण्यात वकिलाची फी घालवू नका. त्याच्याकडून नवी ऑर्डर मिळत असेल तर घ्या, पण आगाऊ रकमेवर. 41 लाख बुडीत म्हणून वह्यांत लिहा, निदान आयकरात खर्च मिळेल. त्यातले सव्वासहा लाख तुम्ही सरकारला जीएसटी म्हणून आधीच भरलेत आणि ते परत मिळत नाहीत. मला विचाराल तर सगळ्यात आधी सुधारायला हवी ती ही गोष्ट, पण ती आयबीसीच्या कोणत्याच दुरुस्तीत येत नाही.

पुढच्या गिऱ्हाइकासाठी: उद्यम नोंदणीचा, म्हणजे सरकारकडच्या लघुउद्योग नोंदणीचा, क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. 45 दिवसांच्या वर पैसे अडकले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे थकवले तर गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात मिळत नाही. या दुसऱ्या तरतुदीनं मोठ्या कंपन्यांचे अकाउंटंट मार्चमध्ये आपणहून फोन करायला लागलेत. मालाबद्दल तक्रार असेल तर मेलवर लगेच मिटवा. आधीचा वाद कागदावर असला की तुमचा कलम 9 चा, म्हणजे पुरवठादारानं एनसीएलटीत करायचा, अर्ज तिथेच पडतो, आणि मार्च 2020 पासून त्याला एक कोटीची अटही आहे. एकट्याचे 41 लाख घेऊन तुम्हाला ते दार आता बंदच आहे.

कंपनी कॉर्पोरेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा आणि चार्जची, म्हणजे कोणाकडे काय तारण आहे त्याची, यादी वाचा. दोन वर्षांत तिसऱ्या-चौथ्या वित्तसंस्थेचा चार्ज आला, तोही जुन्याच मशीनवर, तर उधारी आवरा. गिऱ्हाईक एनसीएलटीत गेलंच, तर आरपीच्या नेमणुकीपासून चौदा दिवसांत (शेवटची तारीख जाहिरातीत असते) फॉर्म बी, म्हणजे पुरवठादाराच्या दाव्याचा फॉर्म, भरा. उशीर झाला तरी नव्वद दिवसांपर्यंत, कारण देऊन, घेतात. दाव्यासोबत सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं जोडा, नुसतं खातेउताऱ्याचं पान जोडलेले दावे आम्हाला बाजूला ठेवावे लागतात. आणि तुमच्या मालकीचे बिन, ट्रॉल्या, डाय त्यांच्या आवारात असतील तर पहिल्याच आठवड्यात परतीची चलनं घेऊन आरपीला भेटा. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आरपीला ठेवून घेता येत नाही, पण एकदा मूल्यांककाच्या यादीत चढली की ती तुमची होती हे सिद्ध करायला तुम्हालाच कफ परेडला यावं लागेल.